इंग्रजी आठ

सरळ रस्त्यावर तिची तक्रार नसे.
मुरारपासून लष्करापर्यंत कुंड्या, माती, शेणखत,
गपगुमान आणायची.
आमच्या गल्लीच्या मोडावर मात्र
स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, वेग पायी माणसाचा,
की मागच्या धुऱ्यातून
कडकडकड,
पत्र्याच्या डब्यात कुणी सुपाऱ्या हलवाव्यात तशी.
हौद्यातली जास्वंदं थरथरायची.

मी म्हणायचे, दादानं दिलेली ना.
वाटणीत विहीर त्याला, नर्सरीचा वरचा तुकडा त्याला,
आणि खडखडणारी पिकअप बहिणीला.
दीड वर्ष झालं. तो खाली, मी वर.
लाइट बिलावर निम्मे पैसे ठेवून जातो, दगडाखाली.

रामसेवक मिस्त्री गाडीखालून बाहेर आला
आणि माझ्याच चपला घेऊन समजावू लागला :
वळताना बाहेरचं चाक जास्त चालतं, आतलं कमी.
दोघांना आपापली चाल द्यावी लागते.
मध्ये चकत्या आहेत, दाबून बसवलेल्या,
एक चिखलात भिरभिरलं तर दुसऱ्यानं ओढावं म्हणून.
पण कोरड्यात वळताना त्यांना
सरकताही आलं पाहिजे, बाईसाहेब.
या चिकटतायत, सुटतायत, चिकटतायत.
मोडलेलं काही नाही.
तेल कुणी बदललं होतं?

दादानं, मी म्हटलं. लगेच.

कागद शोधताना डॅशबोर्डच्या कप्प्यात
मेळ्याची पावती निघाली,
अर्ध्या टॅक्सात घेतली होती, दोघांच्या नावावर,
आणि तिच्या मागं ट्रान्सपोर्ट नगरचं बिल.
गेल्या वर्षीचा मार्च. साधं नव्वद नंबर, तीन लिटर.
खाली दुकानदारानं लिहिलेलं : चकत्यांची दवा, ६४०.
त्यावर काट.
काटेशेजारी सही माझी.

मिस्त्रीनं काही विचारलं नाही.
आधी वरचं बूच, एवढंच म्हणाला,
भरायची वाट उघडते का बघावं, मगच खालून रिकामं करावं,
नाहीतर माणूस अधांतरी राहतो.
तेल काळं पडलं तसलात,
नासक्या अंड्याचा, जळक्या काडीचा वास.
बुचाच्या चुंबकावर करडा लेप, मऊ,
बोटांत घासला तर खर नाही.
नशीब, म्हणाला.

नवं तेल. आणि ती दवा,
खोकल्याच्या औषधाएवढी बाटली.
झटकून झटकून शेवटचा थेंब घातला मी.
आता मोकळं मैदान गाठा, सावकाश
आठचे आकडे काढा, वीस-पंचवीस,
दवा चकत्यांच्या पोटात जाऊ दे.

मेळ्याचं मैदान जूनमध्ये नुसतं ऊन.
दुकानांचे रिकामे ओटे, बंद कारंजं,
सावलीत एक कुत्रा.
मी आठ काढला. ८.
आणि गाडी भिंतीपाशी जाऊन थांबली.
शाळेत दादानंच पाटीवर गिरवून घेतलेला,
खाली शेपूट सोडून जाणारा आठ,
निघाला तिथं परत न येणारा.
हसू आलं. मग इंग्रजी काढला,
स्वतःला छेदून घरी येणारा.

पहिल्या पाचांत कडकड होतीच.
नवव्याला जरा दम खाऊन.
किती झाले ते पुढं मोजलं नाही,
कुत्र्यानं तोंड वळवलं तेव्हा कळलं,
कधीची बंद झालीय.

अंधार पडता गल्लीचा मोड घेतला.
काही नाही. लोण्यातून सुरी.
समोर फाटक बंद.

फाटक कधी बंद नसतं.
रोज रात्री मी वळते तेव्हा कडी काढलेली,
खालच्या खिडकीत पडदा नुकताच पडलेला.
दीड वर्ष मला वाटलं, उघडंच ठेवतात.

हॉर्नवर हात ठेवला. काढला.
इंजिन बंद केलं.
कितीतरी दिवसांनी तोंडातून तो शब्द काढायचा
तर घसा आधी कोरडा,
थोडा चिकटला,
सुटला :
दादा, फाटक.